वाचक विचारतात : ताप गेला, पण जीनवर काय राहिलं?

गेल्या अंकात लाँग कोविडवर, म्हणजे कोविड बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने राहणाऱ्या त्रासावर, लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की व्हायरस अंगातून गेल्यावरही काही जणांच्या पेशींमध्ये जीनवर खुणा राहिलेल्या दिसतात आणि त्याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. बस एवढंच. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की बाकीचे प्रश्न (शुगर, गुडघे, आणि दर अंकाला हमखास येणारा ‘उन्हाळ्यात अंडी चालतात का’) पुढे ढकलावे लागले. उन्हाळ्यात अंडी चालतात, ते इथेच सांगून टाकतो. पत्रं जशी आली तशी देतोय, लांबलेली थोडी कापली आणि नावं काढलीत.

प्रश्न : रामराम डॉक्टर. वय ५२, यावल तालुक्यात केळीची शेती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला, ऑक्सिजनवर होतो, वाचलो. पण तेव्हापासून अंगात पहिल्यासारखी ताकद नाही, कापणीच्या दिवशी नुसतं बांधावर उभं राहिलो तरी दुसरा दिवस खाटेवर जातो. एक्सरे, ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. पुतण्या पुण्याला शिकतो, तो म्हणतो काका तुमचे जीन बदलले. आता घरात सगळे मला ‘बदललेला माणूस’ म्हणून चिडवतात. खरंच डीएनए बदलतो का हो?

उत्तर : नाना, डीएनए नाही बदलला. पुतण्याला सांगा अर्धं बरोबर आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो, त्यावर चारच अक्षरं वापरून लिहिलेल्या ३०० कोटी अक्षरांच्या मजकुराच्या दोन प्रती असतात. तुमच्या लिव्हरच्या पेशीत जो मजकूर तोच डोळ्याच्या पेशीत, तरी लिव्हर लिव्हरचं काम करतं आणि डोळा डोळ्याचं, कारण कुठल्या पेशीत कुठले जीन, म्हणजे या मजकुरातले कामाच्या सूचनांचे तुकडे, चालू ठेवायचे आणि कुठले बंद हे वेगळ्या खुणांनी ठरतं. या खुणा डीएनएच्या वर लागतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालेली खूण म्हणजे मिथाइल, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा चिमुकला तुकडा, तो डीएनएमधल्या ‘सी’ अक्षरावर चिकटतो, आणि जीनच्या सुरुवातीच्या भागात असे तुकडे दाटीने बसले की तो जीन सहसा गप्प होतो. दुसरी खूण हिस्टोनवर लागते. हिस्टोन म्हणजे ज्या प्रोटीनच्या गोळ्यांभोवती हा धागा गुंडाळलेला असतो त्या, तिथे गुंडाळी घट्ट झाली की जीन वाचता येत नाही आणि सैल झाली की वाचता येतो.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून असं सांगतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढला की जमीन तीच राहते, गट नंबर तोच, क्षेत्र तेच, पण व्यवहार अडतात. कर्ज फिटलं आणि तलाठ्याकडे जाऊन नोंद काढली की बोजा उतरतो, आणि कधी कधी कर्ज फिटून वर्षं झाली तरी नोंद तशीच पडून असते. एपिजेनेटिक बदल म्हणजे हा बोजा. जमीन बदलली असं कुणी म्हणालं तर ते खोटं.

आणि तुमच्या बागेतलंच एक सांगतो. टिश्यू कल्चरची जी-नाईन जातीची केळीची रोपं सगळी एकाच मजकुराची असतात, तरी एखादं झाड बागेत वेगळंच निघतं, पानं वेगळी, घड वेगळा, आणि आपण नर्सरीवाल्याला शिव्या घालतो. केळीत त्याची कारणं बरीच आहेत, काही वेळा मजकूरच खरोखर बदललेला असतो, पण टिश्यू कल्चरच्याच तेलपामच्या झाडात हे कोडं पक्कं सुटलंय. मलेशियात टिश्यूची पामची झाडं काही वर्षांनी फळावर यायची आणि फळं निघायची वेडीवाकडी, तेल फार कमी असलेली. २०१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की डीएनएचा मजकूर तसाच आहे, फक्त एका ठिकाणचे मिथाइल गळून पडलेत. एवढ्यानं अख्खं झाड वाया. म्हणजे खूण बारीक असली तरी तिचा परिणाम बारीक असेलच असं नाही.

आता ‘दुसरा दिवस खाटेवर जातो’ हे जे तुम्ही लिहिलंय त्यावर शेवटच्या उत्तरात बोललोय, ते नीट वाचा, तुमच्यासाठी ते जीनपेक्षा महत्त्वाचं आहे.

प्रश्न : सर मी धुळ्याला बी.एस्सी. बायोटेक करतोय. तुम्ही लिहिलंत खुणा राहतात. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवसच जगतात ना? मग वर्षभरानंतर खूण राहील कुठे? आणि याचा पुरावा काय, का नुसती थिअरी आहे?

उत्तर : असा प्रश्न विचारणारा पोरगा धुळ्यात आहे म्हटल्यावर माझा दिवस चांगला गेला.

तुझी शंका एकदम जागेवर आहे. मोनोसाइट नावाच्या पेशी, ज्या इन्फेक्शनला लवकर धावून जातात, त्या रक्तात जेमतेम काही दिवस असतात. ज्या मोनोसाइटने कोविडचा व्हायरस पाहिला ती कधीच मेली. मग वर्षभराने घेतलेल्या रक्तात तिची आठवण सापडते कशी? उत्तर आहे हाडांच्या आत. मोनोसाइट अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्या मूळ पेशी दीर्घकाळ टिकतात, आणि खूण तिथे पडली की पुढे जन्मणारी प्रत्येक तुकडी ती खूण घेऊनच बाहेर येते. हे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमधल्या स्टीव्हन जोसेफोविच यांच्या गटाने दाखवलं. गंभीर कोविडमधून उठलेल्या लोकांच्या रक्तात ज्या थोड्याशा मूळ पेशी फिरत असतात त्या त्यांनी वेगळ्या काढून तपासल्या, आणि त्या पेशींमध्ये आणि मोनोसाइटमध्ये बदल वर्षभरापर्यंत टिकलेले दिसले. पेशी जास्त चिडखोर झालेल्या, दाह वाढवणारे जीन उघडे राहिलेले. यात आयएल-६ नावाच्या, दाह वाढवणाऱ्या रेणूचा हात असावा असंही त्यांना आढळलं, कारण उंदरांमध्ये आणि ज्या पेशंटना सुरुवातीलाच आयएल-६ अडवणारं औषध मिळालं होतं त्यांच्यात हे बदल कमी होते. ते औषध म्हणजे टोसिलिझुमॅबच्या जातीचं. हो, तेच, ज्याच्यासाठी दुसऱ्या लाटेत लोक जळगाव-नाशिक-मुंबई करत फिरत होते.

तरी लगेच उड्या मारू नकोस. आजारी पडून उठल्यावर पांढऱ्या पेशींत खुणा राहणं म्हणजे नेहमी वाईटच असं नाहीये. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात ना टीबीसाठी, नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या मिहाई नेटेआ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की बीसीजी दिल्यावर ३ महिन्यांनीसुद्धा मोनोसाइट वेगळ्या वागतात, टीबीशी काही संबंध नसलेल्या जंतूंनाही जास्त जोरात उत्तर देतात, आणि त्यामागे हिस्टोनवरच्या खुणा असतात. म्हणजे एकच यंत्रणा कधी कामाची आणि कधी डोकेदुखीची.

आता लाँग कोविड. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वॉरन टेट यांचा गट एमई-सीएफएस या आजारावर, म्हणजे बहुतेकदा व्हायरल तापानंतर सुरू होणाऱ्या आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या थकव्यावर, बरीच वर्षं काम करतोय. त्यांनी २०२५ मध्ये या आजाराचे पेशंट, लाँग कोविडचे पेशंट आणि निरोगी माणसं यांच्या रक्तपेशींतल्या मिथाइल खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन्ही आजारी गट निरोगी लोकांपासून वेगळे निघाले आणि आपापसातही फरक दिसला. स्वीडनच्या लिंशोपिंगमध्येही आधी अशाच प्रकारचं काम झालंय.

पण तू बायोटेकचा आहेस म्हणून तुला खोट पण सांगायला हवी. एक, या अभ्यासांत माणसं फार थोडी, ओटागोच्या कामात तर अगदी मोजकी. लाखो जागा तपासायच्या आणि माणसं मूठभर, मग योगायोगाने फरक दिसण्याची भीती किती असते ते तुझ्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना विचार. दोन, रक्त म्हणजे एक पेशी नाही, ती सरमिसळ आहे, आणि एका आजाऱ्याच्या रक्तात एका जातीच्या पेशी जरा जास्त असल्या तरी सगळा मिथाइलचा हिशोब बदलल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात कुठल्याच पेशीत काही बदललेलं नसतं. तीन, रक्तात दिसलेली खूण स्नायूत किंवा मेंदूत आहे असं धरता येत नाही. आणि चौथं सगळ्यात अवघड, खुणेमुळे माणूस थकलाय, का थकून वर्षभर घरात पडून राहिल्यामुळे, झोप बिघडल्यामुळे, औषधांमुळे खूण आलीय? हे ठरवायला आजार व्हायच्या आधीचं रक्त लागतं, ते कोण काढून ठेवतं.

म्हणून थिअरी नाही, पुरावा आहे, पण तो ‘बदल दिसतात’ एवढ्याचा आहे. ‘बदलांमुळेच लक्षणं आहेत’ इथपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार सर, अक्राणी भागात आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे बऱ्याच मुलांना ताप येऊन गेल्यावर खूप दिवस थकवा, हातपाय दुखणं असतं. हे एपिजेनेटिक असेल का?

उत्तर : सर, तुमच्या भागात हा शब्द सगळ्यात शेवटी काढा. नंदुरबारच्या सातपुड्यात, भिल्ल-पावरा मुलांमध्ये थकवा आणि हातपाय दुखणं म्हटलं की पहिली टेस्ट सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. ताप, थंडी, पाणी कमी पिणं यानंतर दुखण्याचा झटका येणं ही सिकलसेलची ओळखच आहे. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल मिशन चालू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, शाळेतल्या सगळ्या मुलांची एकदम करून घ्या.

आणि गंमत बघा, सिकलसेल या सगळ्या चर्चेच्या बरोब्बर उलट आहे. तिथे खूण नाही, मजकूरच बदललेला असतो, हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एकच अक्षर ‘ए’च्या जागी ‘टी’, तेही जन्मापासून आणि आईबापाकडून. ते अक्षर गोळीने बदलत नाही. पण आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जीनपासून बनतं, जन्मानंतर तो जीन बंद होतो, आणि तो बंद ठेवण्यात मिथाइल खुणांचाही वाटा असतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दिल्यावर तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात वाढतं आणि झटके कमी होतात. म्हणून ज्या मुलांना ती गोळी लिहून दिलीय त्यांची गोळी सुट्टीत घरी गेल्यावर चुकणार नाही एवढं तुम्ही बघा. कोविडच्या जीनच्या गप्पांपेक्षा तुमच्या शाळेला त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : डॉक्टर, मी चोपड्याची. मला कोविड नाही, चिकनगुनिया झाला होता, दोन पावसाळे उलटले तरी सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, कळण्याची तर नाहीच नाही. आमच्या इथे सगळे म्हणतात चिकनगुनियाचं दुखणं जन्मभर राहतं. माझ्याही जीनवर खूण असेल का? मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीने एकदम बरं वाटतं पण बंद केली की परत.

उत्तर : ताई, आधी ती गोळी. एकदम बरं वाटतं आणि बंद केली की परत, म्हणजे ती बहुधा स्टेरॉईड आहे. पाकीट किंवा गोळीचं नाव डॉक्टरला दाखवा. खूप दिवस घेत असाल तर एकदम थांबवू पण नका, हळूहळू कमी करावी लागते, आणि ते डॉक्टरच्या सांगण्यानेच. हाडं ठिसूळ होणं, शुगर वाढणं, हे मेडिकलवाला सांगत नाही.

जन्मभर राहतं हे खरं नाही. चिकनगुनिया आपल्या राज्याला जुना आहे, १९७३ मध्ये बार्शीत साथ आली होती, मग तीस-बत्तीस वर्षं गायब, आणि २००५-०६ मध्ये जो परत आला तो देशभर पसरला, २००६ या एका वर्षात देशात तेरा लाखांवर संशयित पेशंट नोंदले गेले. तेव्हाच्या पेशंटमध्ये बहुतेक काही आठवड्यांत-महिन्यांत बरे झाले, काहींचे सांधे मात्र महिनोन्‌महिने, थोड्यांचे काही वर्षं दुखत राहिले. त्याचं एक कारण असं दिसलंय की व्हायरसचे अवशेष सांध्यातल्या पेशींमध्ये रेंगाळतात. एपिजेनेटिक खुणांचं काम चिकनगुनियात कोविडच्या मानाने कमी झालंय, त्यामुळे तुमच्या बोटांचं खापर त्यावर फोडायला मी तयार नाही.

तुम्ही काय करायचं तर सांधेवाताच्या डॉक्टरकडे एकदा जायचं, जळगावला किंवा नाशिकला. सकाळी बोटं अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली राहत असतील तर संधिवाताच्या दोन रक्ततपासण्या होतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. कधी कधी चिकनगुनियाच्या आडून खरा संधिवातच सुरू झालेला असतो, आणि त्याला चांगली औषधं आहेत, उशीर केला तर सांधे वाकडे होतात. आणि भाकरी तोवर दुसऱ्या कोणाला थापू द्या, घरात एवढी माणसं आहेत ना.

प्रश्न : सर, पाचोऱ्याहून. फेसबुकवर जाहिरात येते, ‘कोविडनंतर बिघडलेले जीन रीसेट करा’, पावडर आहे, तीन महिन्यांचा कोर्स. सोबत लाळेची टेस्ट, त्यात तुमचं खरं वय कळतं म्हणे. माझ्या मित्राने केली, त्याचं वय ४१ आहे आणि रिपोर्ट ४९ आला, तो बिचारा तेव्हापासून टेन्शनमध्ये आहे. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. मित्रालाही सांगा शांत झोप.

वयाच्या टेस्टमागे खरं विज्ञान आहे म्हणूनच ती खपते. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या मिथाइल खुणा बघून माणसाचं वय बऱ्यापैकी ओळखता येतं हे दाखवलं. पुढे अशी बरीच ‘घड्याळं’ निघाली आणि गंभीर कोविडमध्ये हे घड्याळ पुढे पळालेलं पण दिसलं. पण २०२३ च्या एका अभ्यासात असंही आढळलं की मोठं ऑपरेशन, बाळंतपण, गंभीर कोविड अशा ताणात हे वय वाढतं आणि ताण सरला की परत खाली येतं, खुब्याच्या हाडाच्या इमर्जन्सी ऑपरेशननंतर तर काही दिवसांतच. मग ४९ हा आकडा ज्या दिवशी लाळ दिली त्या दिवसाचा आहे, त्यावरून आयुष्याचं काही ठरत नाही. एकाच माणसाला दोन कंपन्यांची घड्याळं वेगवेगळं वय सांगू शकतात. हजारो लोकांच्या अभ्यासात कामाला येणारी ही गोष्ट एका माणसाच्या हातात रिपोर्ट म्हणून दिली की नुसता घोर लागतो. ज्याला यात कमाई दिसते त्याला मात्र घोर लावायचाच असतो.

पावडरीचं तर बोलूच नका. मिथाइल खुणा खरोखर काढणारी औषधं जगात आहेत, अझासायटिडिन आणि डेसिटाबिन, ती रक्ताच्या एका कॅन्सरसारख्या आजारात कॅन्सरच्या डॉक्टरच्या देखरेखीत देतात, आणि त्यांच्याने पांढऱ्या पेशी खाली येतात, इन्फेक्शन होतं. ती काही जाऊन एकच बिघडलेला जीन शोधून दुरुस्त करत नाहीत, सगळीकडच्या खुणा उतरवत सुटतात. पाकिटातल्या पावडरीने जर खरंच जीन रीसेट होत असते तर ती पावडर विकणं हा गुन्हा ठरला असता, होत नाहीत म्हणून ती निवांत विकली जाते. थकवा असेल तर सीबीसी, थायरॉईड, शुगर, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ करा. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी सापडणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याचं इंजेक्शन स्वस्त आहे. हे बी-१२ आणि फॉलिक अॅसिड शरीराला मिथाइल तयार करायला लागतं हे खरंय, जाहिरातवाले तेच पकडून बसतात. कमी असेल तर भरून काढा. कमी नसेल तर वरून ओतून काही होत नाही.

एकच खुणेचं उदाहरण देतो ज्यात पैसे लागत नाहीत. बिडी-सिगारेटने एएचआरआर नावाच्या जीनवरचे मिथाइल कमी होतात, इतके नक्की की रक्त बघून माणूस ओढतो का सांगता येतं, आणि सोडल्यावर काही वर्षांत ते बरेचसे परत येतात. तुमचा मित्र ओढतो का हे तुम्ही लिहिलं नाहीत.

प्रश्न : मी अमळनेरची, वय २७. कोविडनंतर वर्षभर खूप थकवा होता, आता साठ-सत्तर टक्के बरी आहे. आम्हाला बाळ हवंय. ही खूण बाळात जाईल का, सासूबाई विचारतायत आणि मलाही भीती वाटतेय.

उत्तर : भीती काढून टाक. बाळाच्या जडणघडणीत या खुणा दोनदा जवळजवळ पुसल्या जातात, एकदा बीजांड आणि शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्या पेशींमध्ये, आणि परत एकदा गर्भ धरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत. थोड्या जागा सुटतात, पण तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर जे काही असेल ते बाळात उतरायला मुळात वाटच नाही, बाळ काही रक्तपेशीपासून बनत नाही.

बाळावर खूण पडते ती ते पोटात असतानाच्या परिस्थितीने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, त्या वेळी ज्यांची आई नुकतीच गरोदर होती त्यांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं तर आयजीएफ-२ या वाढीच्या जीनवर त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइल कमी सापडले, हे २००८ मध्ये छापून आलं. म्हणून तू खा. दादरची भाकरी, डाळी, पालेभाजी, दूध, चालत असतील तर अंडी. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू कर. आणि सासूबाईंना सांग की डॉक्टरांनी काळजी खाण्याची करायला सांगितलीय.

थोडक्यात : भुसावळच्या आजोबांनी विचारलंय की वांग्याने जीन बिघडतात का, त्यांच्या नातवाने भरीत बंद करायला लावलंय. नाही बिघडत. तेल जरा कमी, बाकी नातवाचं ऐकू नका. शहाद्याच्या वाचकाला लाँग कोविड नक्की कशाला म्हणायचं ते हवंय : जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार कोविडनंतर साधारण ३ महिन्यांनी असलेली, किमान २ महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावता न येणारी लक्षणं. ‘दुसऱ्या आजाराने’ हे शब्द विसरायचे नाहीत. चाळीसगावचे दोघं विचारतात मिथाइलची टेस्ट कुठे होते. संशोधनासाठी होते. तुमच्या थकव्यासाठी करण्यासारखी अजून कुठेही नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, शिरपूर तालुक्यातून लिहितो. सुनेला तीन वर्षांपूर्वी कोविड झाला, साधाच, घरीच बरी झाली. पण तेव्हापासून दोन दिवस काम करते आणि तीन दिवस झोपते. कापूस वेचणीला आली की हमखास आजारी. सगळे रिपोर्ट केले, पैसे गेले, काही निघालं नाही. ती म्हणते, ‘आंगमा तरास शे, पन रिपोर्टमा काहीच नही.’ तुमचा लेख मुलाने वाचून दाखवला. ही जीनची टेस्ट करून एकदा कळेल का खरं काय आणि बहाणा काय?

उत्तर : भाऊसाहेब, नाही कळणार. अशी टेस्ट अजून नाहीये, आणि उद्या निघाली तरी ती बहाणा शोधायला नसेल.

तुम्ही रागाने लिहिलेलं वाक्य मला डॉक्टर म्हणून फार कामाचं वाटलं, ‘दोन दिवस काम करते आणि तीन दिवस झोपते’. नाटक करणारा माणूस कामाच्या आधी आजारी पडतो हो. ही काम करते आणि मग पडते. श्रमानंतर बारा तासांनी, कधी दीड-दोन दिवसांनी सगळी लक्षणं एकदम वाढणं, हे या आजाराचं सगळ्यात ओळखीचं लक्षण आहे. त्या वरच्या यावलच्या नानांनीही बांधावर उभं राहिल्यावर दुसरा दिवस जातो असंच लिहिलंय, आणि त्यांना कोणी बहाणा म्हटलेलं पत्रात दिसलं नाही, फक्त चिडवलं. तो माणूस घराचा कर्ता आहे आणि ही सून आहे, एवढाच फरक मला दिसतो.

रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ ज्या गोष्टींसाठी रिपोर्ट केले त्या नाहीत, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, छाती ठीक. रोगप्रतिकारक पेशी आतून कशा वागतायत ते गावच्या लॅबमध्ये दिसत नाही, मुंबईच्या मोठ्या लॅबमध्येही नाही. वर धुळ्याच्या मुलाला जे अभ्यास सांगितले ते याच साठी चाललेत की जे रिपोर्टमध्ये येत नाही ते कुठे दडलंय. आणि साधा कोविड झाला होता म्हणून लाँग कोविड नाही असंही नसतं, दवाखान्यात न गेलेल्यांनाही होतो.

मग करायचं काय. जबरदस्तीने हळूहळू व्यायाम वाढवत नेणं ही जुनी पद्धत होती, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने एमई-सीएफएससाठी २०२१ मध्ये ती काढून टाकली, कारण श्रमाने पडणाऱ्या पेशंटना त्याने त्रास वाढतो. त्याऐवजी हिशोब ठेवायचा. कुठलं काम किती वेळ केल्यावर दुसऱ्या दिवशी पडायला होतं ते दोन आठवडे वहीत लिहायचं, आणि त्या रेषेच्या आत राहायचं, बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा. बरं वाटलं त्या दिवशी सगळं काम उरकायचं आणि मग तीन दिवस पडायचं, हे चक्र तोडणं हाच आजचा सगळ्यात खरा उपचार आहे. वेचणीचं काम उन्हात, वाकून, पाठीला ओझं, यंदाच्या हंगामात तिला त्यातून पूर्ण मोकळं करा. भाज्या निवडणं बसून, स्वयंपाक उंच स्टुलावर बसून, दुपारी पंख्याखाली आडवं पडणं कामाचा भाग समजून.

एक तपासणी घरीच करा, पैसे नाही लागत. सकाळी तिला दहा मिनिटं आडवं राहू द्या, नाडी मोजा. मग उभं करा, टेकू न घेता, आणि दहा मिनिटांत दर दोन मिनिटांनी नाडी मोजा, चक्कर आली तर लगेच बसवा, शेजारी कोणी तरी असू द्या. उभं राहिल्यावर नाडी मिनिटाला तीस ठोक्यांपेक्षा जास्त वाढून तशीच राहत असेल तर आकडे घेऊन फिजिशियनकडे जा, व्हायरल इन्फेक्शननंतर असा त्रास बऱ्याच जणींना होतो, त्याला पाणी, मीठ, पायाचे घट्ट मोजे आणि गरज पडली तर गोळ्या असा उपाय आहे. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका. झोप, पाळी, मनावरचा ताण हेही डॉक्टरला सांगू द्या, आणि ते तुम्ही बाहेर बसलेले असताना.

आकडे मलाही कळवा. आणि या वेळी पत्र तिलाच लिहू द्या, तुमच्या पत्रात कापसाला जेवढी जागा मिळालीय तेवढी तिच्या दुखण्याला मिळाली नाहीये, मला अजून तिला झोप लागते का तेही माहीत नाही.